दुसऱ्याच्या लिहिण्याची शिक्षा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार. इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर सरकार येतं, पोलीस येतात, बंद पाडलेली वेबसाईट येते. ते सगळं खरंच आहे. पण मी आज बोलणार आहे ते त्याच्या अलीकडच्या टप्प्याबद्दल. लिहिणारा एक असतो आणि त्याचं लिहिणं ज्याच्या जागेवर दिसतं तो दुसरा असतो. पहिल्याच्या लिहिण्यासाठी दुसऱ्याला किती जबाबदार धरायचं, हे कायदा ठरवतो. आणि तुम्हाआम्हाला काय वाचायला मिळणार, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरून जातं. या टप्प्यावर जे पुसलं जातं त्याचा ना खटला होतो ना बातमी. म्हणून मला या सेन्सॉरशिपची जास्त भीती वाटते.

आपल्याकडे ही गोष्ट पहिल्यांदा ठळकपणे समोर आली ती २००४ साली. बाझी डॉट कॉम नावाची खरेदी-विक्रीची वेबसाईट होती, अमेरिकेतल्या ईबेने त्याच वर्षी विकत घेतलेली. दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची एक अश्लील क्लिप आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने तिथे विक्रीला लावली. बोभाटा झाला, क्लिप काढली गेली, विद्यार्थ्याला अटक झाली. तिथवर ठीक होतं. पण डिसेंबरमध्ये दिल्ली पोलिसांनी वेबसाईटचे प्रमुख अवनीश बजाज यांनाही अटक केली. त्यांनी क्लिप बनवली नव्हती, लावली नव्हती. तरी तो खटला रद्द व्हायला २०१२ साल उजाडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला तोही कंपनीला आरोपीच केलं नव्हतं, या मुद्द्यावर.

त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९ वं कलम असं होतं की आपल्याला ठाऊक नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे वेबसाईटवाल्याने सिद्ध करायचं. म्हणजे आधी आरोपी व्हा, मग सुटा. बाझीच्या प्रकरणानंतर उद्योगजगताने आरडाओरडा केला आणि २००८ च्या दुरुस्तीत हे कलम बदललं. दुसऱ्याचा मजकूर तुम्ही नुसता साठवता किंवा पोहोचवता, त्यात हात घालत नाही, तर तुम्हाला संरक्षण. मात्र बेकायदा मजकूर आहे हे तुम्हाला कळलं आणि तरी तुम्ही तो काढला नाही, तर संरक्षण संपलं. कळलं म्हणजे कोणी कळवलं? हे कलमात पुरेसं स्पष्ट नव्हतं, आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघाली.

त्याच दुरुस्तीने ६६अ हे कलम आणलं. २६/११ नंतरचे ते दिवस होते. डिसेंबरच्या अखेरीस गदारोळात हे विधेयक मंजूर झालं, चर्चा जवळजवळ झालीच नाही. संगणक किंवा फोनवरून पाठवलेला मजकूर ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असेल, किंवा खोटा असल्याचं माहीत असूनही कोणाला त्रास व्हावा, गैरसोय व्हावी म्हणून पाठवला असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास आणि गैरसोय यांसाठी तुरुंग.

त्याचं फळ आपल्या दारातच दिसलं. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचा परिसर बंद होता. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जन्मतात, मरतात, जग चालतच राहतं, मग बंद कशासाठी. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. शिवी नाही, धमकी नाही. रात्री दोघी पोलीस ठाण्यात, आणि सोमवारी अटक. पोस्ट लिहिणारीच्या नातेवाइकाच्या दवाखान्यावर जमाव चालून गेला, तोडफोड झाली. त्या दवाखान्यातल्या रुग्णांनी तर काहीच लाइक केलं नव्हतं! पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुलींवरचा गुन्हा बंद झाला. पण त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या किती घरांत आईवडिलांनी मुलांना ‘फेसबुकवर काही लिहू नकोस’ असं बजावलं असेल, हे मला कोणी मोजून द्यावं. तो धाक अजून उतरलेला नाही.

या अटकेनंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी ६६अ संपूर्ण रद्द केलं. एखाद्या मताची चर्चा करणं, त्याचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन गोष्टी नरिमन यांनी वेगळ्या केल्या. बोलण्यावर बंधन घालायचं तर तिसऱ्या पायरीवर, पहिल्या दोन पायऱ्यांवर नाही. आम्ही या कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही, अशी हमी सरकारी वकिलांनी दिली होती. त्यावर न्यायालयाने सांगितलं की सरकारं येतील आणि जातील, कलम मात्र तसंच राहील, आणि आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला बांधत नाही. कोणत्याही पक्षाच्या सरकारने ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हटलं की हे वाक्य आठवावं.

पेपरांत मथळे आले ते ६६अ चे. माझ्या मते त्या निकालाचा तितकाच मोलाचा भाग ७९ व्या कलमाबद्दल होता, आणि तो फार थोड्यांनी वाचला. ‘कळलं’ म्हणजे न्यायालयाचा आदेश मिळाला किंवा सरकारचा कायदेशीर आदेश मिळाला तेव्हाच कळलं, असं न्यायालयाने ठरवून टाकलं. कोणीही उठून तक्रारीचा ईमेल धाडला की वेबसाईटला कळलं, असं नाही. कारण लाखो तक्रारींतली खरी कुठली आणि खोटी कुठली याचा निवाडा खासगी कंपन्यांनी करायचा, ही अपेक्षाच चुकीची.

हे का गरजेचं होतं ते सांगतो. ७९ व्या कलमाखाली केलेल्या २०११ च्या नियमांनुसार तक्रार आली की ३६ तासांत कारवाई करायची होती. बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीसाठी तेव्हा एका संशोधकाने एक प्रयोग केला. त्याने मुद्दाम सदोष, तपासलं असतं तर टिकली नसती अशा तक्रारी सात वेबसाईटना पाठवल्या. सातांपैकी सहांनी त्या निमूटपणे मानल्या, आणि मागितलं त्याहून जास्त पुसलं. कोणी न्यायालयात गेलं नाही, कोणी लिहिणाऱ्याची बाजू ऐकली नाही.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. तालुक्याच्या गावी बातम्यांचं पोर्टल चालवणारे तरुण अशा नोटिसा घेऊन येतात. एक नमुना सांगतो. रस्त्याच्या कामाची बातमी, आणि तिच्याखाली एका वाचकाने लिहिलं होतं: ‘पाच महिन्यांत खडी वर आली, बिल मात्र पूर्ण निघालं.’ शुक्रवारी संध्याकाळी वकिलाची नोटीस आली. चार पानं, बदनामीची कलमं, ७९ खालचं संरक्षण जाईल अशी तंबी, आणि नुकसानभरपाईचा आकडा त्या पोर्टलच्या वर्षभराच्या कमाईच्या कित्येक पट. मी त्याला सांगितलं, अरे, ही नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नाही, श्रेया सिंघल निकालाप्रमाणे तू बांधील नाहीस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘साहेब, बातमी माझी आहे, ती मी ठेवतो. खालच्या कमेंटसाठी मी कोर्टाच्या तारखा का घेऊ?’ कमेंट त्याने तिथेच, माझ्यासमोर, फोनवरून काढली. मी त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे वकील लावायला पैसे नाहीत, आणि ती कमेंट राहिल्याने त्याला एक पैचाही फायदा नाही. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाचा एकुलता एक जाहीर शब्द मात्र गेला.

दुसऱ्याला शिक्षेचा धाक घातला की असं होतं. लिहिणारा आपल्या शब्दासाठी भांडेल, कारण तो शब्द त्याचा आहे. जागा देणारा का भांडेल? मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते, पण भांडायचं कारण त्यांच्याकडेही नाही.

आता समोरची बाजू, आणि ती मी हातचं राखून मांडणार नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाच्या हाती सापडले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. पाच माणसं, कुठलाही गुन्हा नसताना. त्यांच्या घरच्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की मेसेज पोहोचवणाऱ्याला हात लावू नका?

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. त्या महिन्यात सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला पत्रं लिहिली, आणि कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. यात कोणाचंही लिहिणं पुसलं गेलं नाही. अफवा एका बोटाने शेकडो लोकांत सोडायची सोय कंपनीने स्वतः बनवली होती, आणि त्या सोयीला लगाम लागला. कंपनी स्वतः जे करते, कोणता मजकूर कोणापुढे ढकलते, कशाला पैसे घेऊन उचलून धरते, त्यासाठी तिला खुशाल जबाबदार धरा, कठोरपणे धरा. माझं भांडण आहे ते तिसऱ्याच्या वाक्यासाठी तिला आरोपी करण्याशी. आणि राईनपाड्याच्या मारेकऱ्यांवर खटला चालवायला खुनाचं कलम पुरेसं होतं.

एका ठिकाणी मी घाई मान्य करतो. एखाद्या बाईचे खासगी फोटो कोणी टाकले, तर तिची तक्रार येताच २४ तासांत ते काढायचे, असं २०११ च्या जागी आलेल्या २०२१ च्या नियमांत आलं होतं; २०२६ मध्ये ही मुदत आणखी कमी झाली. ते योग्यच आहे. तिथे मताचा प्रश्न नाही, तोलून बघायचं काही नाही, आणि प्रत्येक तास तिच्या आयुष्यातून जातो.

पण त्याच २०२१ च्या नियमांनी दुसरंही काही केलं. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी भारतात राहणारा एक अनुपालन अधिकारी, म्हणजे कंपनी नियम पाळते की नाही हे बघणारा माणूस, नेमायचा आणि कंपनी चुकली तर खटला त्या अधिकाऱ्यावर. त्याच्या खुर्चीत बसून बघा. पोस्ट ठेवली तर तुरुंगाची शक्यता, काढली तर काहीच नाही. २०२३ च्या दुरुस्तीने त्यावर कडी केली: केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे सरकारचंच पथक ठरवणार. विनोदी कलाकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाले. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, अतुल चांदूरकरांकडे गेलं, आणि सप्टेंबरमध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. आपल्या उच्च न्यायालयाचा मला त्या दिवशी मनापासून अभिमान वाटला.

त्यानंतर वारं पुन्हा फिरलं. गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून वेगवेगळ्या खात्यांचे आणि राज्यांच्या पोलिसांचे अधिकारी ७९ व्या कलमाचा हवाला देऊन कंपन्यांना मजकूर काढायला सांगतात. मजकूर रोखण्यासाठी ६९अ हे स्वतंत्र कलम आहे. त्यात समिती आहे, लेखी कारणं आहेत. श्रेया सिंघल निकालात ते टिकलं, ते याच बंधनांमुळे. जे दाराने आणायला कष्ट पडतात ते ७९ च्या खिडकीतून आणलं जातंय, असा एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीचा दावा होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळला. निकालाचा आदर राखून सांगतो, मला तो पटलेला नाही. ७९ वं कलम संरक्षण देण्यासाठी लिहिलेलं आहे, त्यातून हुकूम काढण्याचा अधिकार निघत नाही. पुढच्याच महिन्यात सरकारने नियम बदलून असे आदेश सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यावेत, असं ठरवलं. सुधारणा आहे, पण लिहिणाऱ्याला विचारण्याची सोय त्यातही नाही.

आणि कायदा रद्द झाला म्हणून तो गेला, असंही समजू नका. २०२१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला दाखवून दिलं की रद्द झालेल्या ६६अ खालचे ७४५ खटले ११ राज्यांत अजून चालूच आहेत. न्यायालयाला धक्का बसला, आणि ते थांबवायचा स्पष्ट आदेश निघायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

मघाशी सुरुवातीला एका शिक्षिकाबाईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘माझी पोस्ट अचानक नाहीशी झाली तर मी काय करायचं?’ बाई, उत्तर देतो. आधी पोस्टचा आणि आलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळेसह. मोठ्या कंपनीने स्वतःहून पोस्ट काढली असेल तर तिने तुम्हाला कारण कळवलं पाहिजे आणि आक्षेप घ्यायची संधी दिली पाहिजे, हे २०२१ च्या नियमांत आहे. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यांच्या साईटवर असतो. त्याला लिहा. पोच मिळाली नाही तर पुन्हा लिहा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, तेही ऑनलाइन. आणि पोस्ट सरकारी आदेशाने काढली असं उत्तर आलं, तर कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने, हे लेखी मागा. देणार नाहीत, नकार देतील. तो नकारही जपून ठेवा. उच्च न्यायालयात याचिका करायची वेळ आली, तर वकील तुमच्याकडे पहिल्यांदा तोच कागद मागेल.