‘झॉम्बी’ जिंकल्यावर गायचं का?

पॅरिस, २३ सप्टेंबर २०२३. रग्बी वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेला १३-८ नं हरवलं आणि स्टेडियममध्ये गाणं लागलं. हिरव्या जर्सीतले हजारो लोक घसा फोडून गायला लागले: ‘झॉम्बी’. आणि मग आयर्लंडमध्ये वाद पेटला. हे गाणं जल्लोषात गायचं का?

क्रॅनबेरीज या आयरिश रॉक बँडचं हे गाणं आपल्याकडेही कॉलेजच्या बँडनी कितीदा वाजवलंय. पण ते आलं कुठून?

२० मार्च १९९३, इंग्लंडमधलं वॉरिंग्टन. शनिवारची बाजारातली गर्दी, दुसऱ्या दिवशी तिकडचा मदर्स डे. आयआरएनं कचरापेट्यांत ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, बारा वर्षांचा दुसरा पाच दिवसांनी. आयआरए म्हणजे उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवून सगळं बेट एक करायला निघालेली सशस्त्र संघटना.

क्रॅनबेरीजची गायिका डोलोरेस ओ’रिऑर्डन तेव्हा २१ वर्षांची होती. लिमरिकची, म्हणजे दक्षिणेतली, स्वतंत्र आयर्लंडमधली. तिनं या हल्ल्यावर हे गाणं लिहिलं. त्यात मेलेलं मूल आणलं, आई आणली, आणि १९१६ हे सालही आणलं. ते साल ब्रिटिशांविरुद्धच्या डब्लिनच्या ईस्टर उठावाचं. आयरिश स्वातंत्र्याच्या कथेतलं सगळ्यात पवित्र साल! ते तिनं न संपणाऱ्या हिंसेच्या सुरुवातीला ठेवलं. केवढी हिंमत लागली असेल.

खरी ठिणगी मात्र एका साध्या ओळीत आहे. हे मी करत नाहीये, माझं घर करत नाहीये, असं ती म्हणते. मला त्यात ऐकू येतं: माझ्या नावावर पोरं मारू नका. उत्तरेतल्या अनेक राष्ट्रवादी आयरिश लोकांना मात्र वेगळंच ऐकू येतं: दक्षिणेतली मुलगी आमच्यापासून हात झटकतेय. त्यांचं दुखणं खोटं नाही. जानेवारी १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्या दिवशी १३ जण गेले. त्यांत १७ वर्षांची पोरं होती. त्यांच्या मरणाचं काय? हा प्रश्न ते विचारणारच, आणि विचारायलाच हवा.

तरीही मी हे गाणं सोडणार नाही, त्या आवाजामुळे. चार कॉर्ड्स, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच फिरत राहतात. वर गिटार आणि ड्रम्स आदळतात आणि डोलोरेसचा आवाज मधूनच फाटतो, मयताला रडणाऱ्या बाईसारखा. घोषणा देणारा माणूस असं गात नाही.

गाणं सप्टेंबर १९९४ मध्ये आलं, आयआरएच्या युद्धबंदीनंतर काही आठवड्यांतच. डोलोरेस जानेवारी २०१८ मध्ये गेली. २०२० मध्ये यूट्यूबवर या गाण्यानं शंभर कोटी व्ह्यूज ओलांडले.

कोरसमध्ये शब्द मोजकेच आहेत, म्हणून तो कुणालाही कुठेही गाता येतो. ते मूल पहिल्या कडव्यात आहे. हा व्हिडिओ संपला की गाणं लावा, आणि कोरस येईपर्यंतचा भाग नीट ऐका.