कंपन्यांकडे हिशेब मागणारे रेल्वे साप्ताहिक

नमस्कार. भारताचे पतमानांकन बदलले की बातम्यांत ‘एस अँड पी’ (स्टँडर्ड अँड पूअर्स) या पतमानांकन संस्थेचे नाव हमखास येते. त्यातला ‘पी’ म्हणजे हेन्री व्हार्नम पूअर. हे गृहस्थ मुळात एका रेल्वे साप्ताहिकाचे संपादक होते आणि आजचा विषय आहे ते साप्ताहिक.

‘अमेरिकन रेलरोड जर्नल’ डी. किंबल मायनर यांनी न्यूयॉर्कमध्ये जानेवारी १८३२ मध्ये सुरू केले. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला तेरा मैलांचा टप्पा खुला होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. छापण्याजोग्या रेल्वेबातम्या त्या काळी असणार तरी किती? म्हणून अंकांत कालवे आणि रस्तेही असत.

१८४९ मध्ये पूअर संपादक झाले आणि साप्ताहिकाचा रोख बदलला. लोहमार्गांना लागणारे प्रचंड भांडवल रोख्यांतून उभे राहत होते. पण पैसे गुंतवणाऱ्याला, विशेषतः समुद्रापलीकडच्या युरोपीय सावकाराला, कंपनीची खरी स्थिती कळण्याची सोय नव्हती. पूअर यांनी कंपन्यांकडून माहिती मागवून मार्गाची लांबी, भागभांडवल, कर्ज, उत्पन्न आणि लाभांश यांचे तक्ते छापायला सुरुवात केली. आज रुक्ष वाटणारे हे रकाने हीच, माझ्या मते, या साप्ताहिकाची सर्वांत मोठी कामगिरी होय.

या तक्त्यांची निकड १८५४ मध्ये उघड झाली. न्यूयॉर्क अँड न्यू हेवन रेल्वेचे अध्यक्ष रॉबर्ट स्कायलर यांनी सुमारे वीस लाख डॉलरचे बनावट शेअर विकल्याचे बाहेर आले. अध्यक्षच खोटे कागद विकत असेल, तर भागधारकाने दाद मागायची कोणाकडे? कंपन्यांनी हिशेब जाहीर केलेच पाहिजेत, हा पूअर यांचा आग्रह होता आणि बहुतेक संचालकांना तो रुचणारा नव्हता.

पूअर १८६२ च्या सुमारास बाहेर पडले. १८६८ पासून मुलासह त्यांनी रेल्वे कंपन्यांची वार्षिक माहितीपुस्तिका काढली. त्या व्यवसायाची परंपरा १९४१ मध्ये ‘स्टँडर्ड स्टॅटिस्टिक्स’ या कंपनीत विलीन होऊन आजची ‘एस अँड पी’ ही संस्था झाली. साप्ताहिक मात्र यंत्रांकडे वळले. १८८७ मध्ये इंजिनांचे आराखडे करणाऱ्या मॅथायस फॉर्नी यांनी ते एका अभियांत्रिकी मासिकात मिसळले, आणि पुढे नावे बदलत ते रेल्वे कारखान्यांतील यांत्रिकी अभियंत्यांचे मासिक म्हणून विसाव्या शतकातही निघत राहिले.