गोटीचा माऊस घेताना

आज लातुरात सेतूवाले, टायपिंगवाले, डीटीपीवाले असे सगळे जमलोय, म्हणून विचारतो. जुलैअखेरीला दिवसभर पीकविम्याचे फॉर्म भरून संध्याकाळी चहाचा कप उचलताना उजवं मनगट कुणाकुणाचं ठणकतं? बघा, हात वर करायलासुद्धा डावाच निघाला!

माझ्या टेबलावर कीबोर्ड, अंगठा घ्यायचं मशीन, प्रिंटर आणि सातबारा-आधारच्या झेरॉक्सचा ढीग. माऊस फिरवायला वीतभर जागा उरत नाही. म्हणून मी ट्रॅकबॉल घेतला, म्हणजे वर गोटी बसवलेला माऊस. तो जागचा हलत नाही; गोटी फिरते, स्क्रीनवरचा बाण सरकतो. एका मामांनी काउंटरवरून वाकून विचारलं, "सर, ही गोटी कामून ठेवलीय इथं?" तेव्हापासून आमच्याकडं त्याचं नाव गोटीचा माऊस.

हे नवं खूळ नाही बरं का. 1946 मध्ये ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी असं यंत्र काढलं. पुढं कॅनडाच्या नौदलानं तर बोलिंगचा अख्खा चेंडूच बसवला होता. आपला नेहमीचा माऊस काढला डग्लस एंगेलबार्ट यांनी, तो 1964 चा. म्हणजे गोटी थोरली, माऊस धाकटा.

आता घ्यायचा कोणता? मी आधी अंगठ्यानं फिरवायचा घेतला. लॉजिटेकचा एम 575 किंवा एमएक्स अर्गो या जातीचा, 34 मिलिमीटरची गोटी बाजूला. हात नेहमीच्या माऊससारखाच बसतो, दोन-चार दिवसांत सवय होते. मनगट निवलं, पण महिन्याभरात अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. चूक माऊसची नव्हती. दिवसभर गोटी, रात्री मोबाईल, दोन्हीकडं राबणारा अंगठा एकच! म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःचा हात चाचपा, नेमकं कुठं दुखतंय ते बघा. अंगठा आधीच कुरकुरत असेल तर बोटांनी फिरवायचा घ्या. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसला 55 मिलिमीटरची गोटी मधोमध असते. म्हणून डावखुऱ्यांनाही चालतो; अंगठ्याचे बहुतेक माऊस मात्र उजव्या हातासाठीच घडवलेले. पण तो उंच असतो. मनगट वर मोडून बसलात तर एक दुखणं देऊन दुसरं घेतल्यासारखं होईल. मनगटाखाली गादी हवीच. आणि ओढून सिलेक्ट करणं पहिला आठवडा जमत नाही, चिडायचं नाही. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टर, माऊस नंतर.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. गोटी आत तीन बारक्या मण्यांवर टेकलेली असते. आपल्याकडची धूळ आणि एप्रिलचा घाम मिळून त्या मण्यांवर करडा मळ चिकटतो. मग बाण अडखळतो, आणि माणूस नेटला शिव्या देतो. खाली भोक असेल तर त्यातून पेन्सिलीनं गोटी वर ढकला, मणी कापसानं पुसा, गोटी सुती कापडानं. अगदी कोरडी झालेली गोटी सुरुवातीला जड फिरते; हाताचं तेल लागलं की सुरळीत.

माझे दोन्ही माऊस मागच्या टेबलावर ठेवलेत. चहा घेताना हात ठेवून बघा, नुसतं फोटो बघून घेऊ नका. फक्त गोटी निघते हे घरी पोरांना सांगू नका. माझी निळी गोटी दोन दिवस गल्लीत खेळून आलीय, अजून तिच्यावर ओरखडे आहेत.