कोकराचं वजन आईच्या पोटात ठरतं

मंडळी, भाताची झोडणी आटोपली की घाट उतरून धनगरांच्या खांडी, म्हणजे मेंढ्यांचे कळप, आपल्याकडे कोकणात येतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडात खोचलेलं दोन-चार दिवसांचं कोकरू, हे आपण लहानपणापासून बघत आलो. आपण त्या मेंढ्या शेतात बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पावसाच्या आत ते परत देशावर निघून जातात. हे जाणं म्हणजे नुसती भटकंती नाही. ओली जमीन कोकराला मानवत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता आपल्यातली काही मुलं बारमाही इथेच मेंढ्या ठेवू लागली आहेत. मला त्यांचं कौतुक आहे. पण माझ्याकडे येताना बहुतेकांची तक्रार एकच असते: "मॅडम, कोकरू खातंय, पण अंग धरत नाही. एखादं टॉनिक द्या." मी विचारते, जन्मलं तेव्हा किती भरलं होतं? उत्तर येत नाही. म्हणून आज पहिलं सांगणं हेच, की एक ताणकाटा विकत घ्या. तीन किलोचं कोकरू तीन महिन्यांत बारा किलोचं झालं, तर रोजची वाढ १०० ग्रॅम पडली. हा हिशेब वहीत नसेल, तर कोकरू मागे पडलंय हे तुम्हाला फार उशिरा कळतं.

मेंढीचे गाभणपणाचे दिवस साधारण १५०. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातल्या गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ होते. नेमकं तेव्हाच आपण तिला काय घालतो? भाताचा पेंढा. पेंढ्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. मी ही चूक स्वतः केली आहे. नोकरीच्या सुरुवातीला घरी बारा मेंढ्या होत्या. एकीला जुळं झालं, दोन्ही पिल्लं दीड-दीड किलोची. आईच्या कासेत चीकही, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, बेताचाच. पहाटेपर्यंत एक गेलं. दुसरं जगलं, पण बरोबरीच्या कोकरांना त्यानं कधीच गाठलं नाही. त्या मेंढीला शेवटचा दीड महिना रोज मूठ-दोन मूठ भरडा, म्हणजे जाडसर भरडलेलं धान्य, आणि थोडी पेंड मिळाली असती, तर ती रात्र वेगळी गेली असती, असं मला आजही वाटतं.

जुळं एकट्यापेक्षा हलकं असणार, मादी नरापेक्षा थोडी हलकी, पहिलारू मेंढीचं कोकरू दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या कोकरापेक्षा लहान. हा निसर्ग आहे, त्यात कोकराचा दोष नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला. काम मोलाचं आहे. पण अशी मेंढी घेणाऱ्यानं दोन तोंडांचं दूध आधी मेंढीच्या खुराकात शोधावं.

जन्मल्यावर नाळेला आयोडीन लावा, अंग कोरडं करा आणि तासाभरात चीक पाजा. कोकरू रोगाशी लढायची ताकद घेऊन जन्मत नाही, ती चिकातून येते, आणि ती अंगात घेणारं आतड्याचं दार दिवसभरातच बंद होतं. दुसऱ्या दिवशी पाजलेल्या चिकाला तो गुण नाही. पंधरवड्यानंतर कोवळा पाला आणि थोडा भरडा समोर ठेवा, पण आडोसा असा करा की कोकरू आत शिरेल, आई नाही. एक धोका मात्र पक्का लक्षात ठेवा: गुरांचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यातलं तांबं तिच्या यकृतात साठतं आणि जनावर अचानक दगावतं.

आता आपल्या पावसाचं. पोटातला रक्तपित्या गोलकृमी ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात गवतावर चढायला तयार होतो. पाच हजार कृमी असतील तर दिवसाला पाव लिटरच्या आसपास रक्त जातं. लहान कोकरात एवढं रक्त असतं तरी किती? खालची पापणी उलटून बघा. लालऐवजी पांढरी दिसली किंवा जबड्याखाली पाणी उतरलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सगळ्या खांडीला सारखं तेच औषध पाजू नका, कृमी त्याला सरावतात. दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका. पावसाळ्यात फणसाचा, उंबराचा, शेवरीचा पाला वर टांगून द्या, आणि बसायला फटी असलेला लाकडी माच करा, म्हणजे मूत-लेंडी खाली पडेल, खूर कोरडे राहतील.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, मेंढा कधी सोडायचा? माझं उत्तर, जूनच्या मध्यावर. म्हणजे वीण नोव्हेंबरात येते. शेवटचे सहा आठवडे ऑक्टोबरात पडतात, तेव्हा बांधावर, सड्यावर गवत असतं. कोकरं कोरड्या जमिनीवर जन्मतात, फेब्रुवारीत दूध तोडायला येतात, आणि पुढचा पाऊस लागेल तेव्हा सात महिन्यांची असतात. त्या वयाला कृमीचा मार ती कोवळ्या पिल्लांपेक्षा पुष्कळ चांगला सोसतात. मात्र जूनपर्यंत मेंढा वेगळा बांधावा लागेल, आणि त्यासाठी ताई, कुंपण आतापासूनच घाला.