आधी काच, मग दाणापाणी

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘पाखरांसाठी अंगण : झाडं, पाणी आणि घरटी’ असा छापलाय. तिन्हींवर बोलणार आहे. त्याआधी काचेबद्दल फक्त दोन मिनिटं. पहिली रांग आत्ताच हसायला लागली. त्यांनी माझी दोन मिनिटं पूर्वी भोगलेली आहेत.

निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेनं मी मागच्या अंगणात दाण्यांची ताटली टांगली. कुठं? तर खुर्चीतून न उठता दिसेल अशी, मोठ्या खिडकीसमोर, तीन-चार मीटरवर. जागा पाखरांच्या नाही, माझ्या सोयीची. आठवडाभरात वर्दळ सुरू झाली आणि मी येईल-जाईल त्याला कौतुक सांगत सुटलो. मग एका दुपारी धप्पकन आवाज झाला. मला वाटलं चेंडू. शेजारच्या पोरांच्या नावानं खच्चून ओरडलो. पोरं शाळेत होती, हे मागाहून कळलं.

काचेवर होल्याचा ठसा उमटला होता. होल्याच्या पिसांवर पिठासारखी बारीक भुकटी असते, ती काचेला चिकटली होती. फाकलेले दोन्ही पंख, टोकाची पिसं एकेक मोजता यावीत इतकी स्पष्ट, मधे छातीचा धुरकट गोल. खाली होला पडलेला, चोच जराशी उघडी. मी धावत जाऊन वाटीतलं पाणी त्याच्या चोचीत घालायला लागलो. हे तुम्ही कधीही करू नका. बेशुद्ध पाखराच्या श्वासनळीत पाणी जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, गडबड नसेल तिथं ठेवायचं. तासाभरानं बाहेर नेऊन झाकण उघडायचं. उडालं तर ठीक, नाहीतर पक्ष्यांवर उपचार करणारा माणूस गाठायचा. आणि उडालं म्हणजे वाचलंच असंही नाही, आतल्या आत रक्तस्राव होऊन पुढं मरतात. आमचा होला उडालाच नाही.

मी फडकं आणायला निघालो, तर आमची ही म्हणाली, “पुसू नका. बघत बसा आता खुर्चीतून.” पंधरा दिवस तो ठसा माझ्यासमोर होता.

पाखराला काच दिसत नाही, काचेत पडलेलं आभाळ आणि झाड दिसतं. झाड दिसलं की ते तिकडं झेपावणारच. हसू नका, काचेच्या दारावर कपाळ आपटलेले या सभागृहात मी एकटाच नसेन. आपल्याला निदान चौकट आणि मूठ ओळखता येते, तरी ही गत! अमेरिकेत २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या एका देशात काचेवर आपटून वर्षाला साडेछत्तीस ते जवळपास ९९ कोटी पक्षी मरत असावेत, असा त्यातला अंदाज. मला वाटलं, ही सगळी टोलेजंग इमारतींची करणी. तर त्यांचा वाटा १ टक्क्याहूनही कमी! सुमारे ४४ टक्के एक ते तीन मजली घरांचा आणि उरलेला मधल्या उंचीच्या इमारतींचा. म्हणजे आपलाच.

यावर उपाय म्हणून बाजारात ससाण्याच्या आकाराचं काळं स्टिकर मिळतं. त्यावर माझा राग आहे. ते एकच लावायचं आणि पाखरं घाबरतात म्हणे! पाखरू तेवढा ससाणा चुकवतं आणि त्याच्या शेजारच्या काचेवर आपटतं. खुणा हव्यात त्या काचभर, बाहेरच्या बाजूनं, दर ५ सेंटीमीटरवर. मी पट्टी लावून पांढरे ठिपके काढले. तीन दिवस लागले. हिनं पाहून विचारलं, “हे घर आहे की रांगोळीची वही?” आणि ताटली हलवली. एक तर ती काचेपासून मीटरभराच्या आत हवी, म्हणजे उडतानाच वेग येत नाही. नाहीतर ९-१० मीटर लांब. मधलं अंतर घातक, नेमकं माझं होतं ते. आता बुलबुल काचेवर चोची मारतो, ते प्रकरण वेगळं. विणीच्या दिवसांत त्याला काचेतला बुलबुल प्रतिस्पर्धी वाटतो. मी दोन वर्षं समजत होतो की मला हाक मारतोय...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, झाडं, पाणी, घरटी.

झाडं आपल्या भागातलीच लावा, कारण त्यांच्यावर तिथल्या अळ्या पोसतात. दाणे खाणारी बहुतेक पाखरंसुद्धा पिलांना किडे-अळ्याच भरवतात. अमेरिकेतल्या चिकाडी नावाच्या मूठभर पाखराला एक वीण वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. म्हणून कीटकनाशक बंद, पानावरची भोकं सोसा, पालापाचोळा थोडा राहू द्या. विणीच्या काळात छाटणी नको.

पाणी उथळ, फार तर ५ सेंटीमीटर, भांडं खरबरीत, मधे एक दगड. दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास. दाण्याची ताटली आठवड्याला घासून, धुऊन, वाळवून. गर्दीत रोग पसरतात. आजारी पाखरू दिसलं तर काही दिवस दाणे बंदच.

घरट्याची पेटी रंगीबेरंगी नको. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटर, तळाला पाणी निथळायला छिद्रं, आणि भोकाखाली ती दांडी नकोच. पाखराला तिची गरज नसते, पिलं खाणाऱ्याला मात्र उभं राहायला जागा होते. दुकानात दांडीशिवाय पेटी मागा, दुकानदार तुमच्याकडंच दयेनं बघतो.

राहिलं मांजर. त्यावर आणखी एक तास लागेल आणि अध्यक्ष घड्याळ काढून बसलेत. आमच्याकडं दोन आहेत. बाहेर सोडत नाही. दिवसभर माझ्या त्या खुर्चीत बसतात आणि ठिपक्यांमधून बघत असतात.