रुमालाखालचा भाव

निवेदन

(दृश्य: वाशी, फळबाजार. पहाट. ट्रकमधून आंब्याच्या पेट्या उतरतायत.)

पहाटेचे पाच वाजलेत. वाशीच्या फळबाजारात देवगडचा माल लागतोय. पेंढ्याचा वास, दिव्यांचा पिवळा उजेड, हातगाड्यांची घाई. या सगळ्याच्या मधोमध दोन माणसं उभी आहेत, त्यांच्याकडे बघा. एकानं खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला. दुसऱ्यानं त्याखाली हात घातला. तोंडातून शब्द नाही. एक बोट दाबलं, सोडलं, मग दोन धरली. पहिल्यानं मान हलवली. पुन्हा बोटं फिरली. रुमाल उचलला, सौदा झाला.

भाव काय ठरला? शेजारच्या हमालाला ठाऊक नाही. समोरच्या गाळ्यावाल्याला ठाऊक नाही. आम्ही हातभर अंतरावर कॅमेरा धरून होतो, आम्हालाही कळला नाही. ज्याच्या बागेतला आंबा आहे त्यालाही त्या घडीला कळत नाही. कोकणातल्या बागायतदारांची ही तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे. आज मात्र हा रुमाल आम्हाला दुसऱ्या कारणासाठी दाखवायचाय: दोघांच्या पैशाच्या व्यवहारात सरकार, बँक असा तिसरा हवाच का, हे बघायला.

(दृश्य: तोच गाळा, तासाभरानं. खांबाला लावलेला क्यूआर कोड.)

किरकोळ गिऱ्हाइकानं दोन डझन घेतले, फोन पुढे केला, आणि टेबलावरच्या डब्यानं रक्कम अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितली. आता हा व्यवहार कुणाकुणाला कळला, मोजा. देणाऱ्याच्या बँकेला, घेणाऱ्याच्या बँकेला, फोनमधल्या ॲपला, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या मधल्या यंत्रणेला. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की खिशात सुटे पैसे ठेवायचंही आपण विसरलो. सोय खरीच आहे. पण माझे पैसे मी तुम्हाला देताना मध्ये तिसरा असतो, आणि तो कधीही 'नाही' म्हणू शकतो.

हा तिसरा कशाला हवा, हा प्रश्न एका विचारसरणीनं दीडशे वर्षं लावून धरलाय.

(दृश्य: कांदा-बटाटा बाजार. गोण्यांची थप्पी.)

तिला लिबर्टेरियन विचार म्हणतात. मराठीत स्वतंत्रतावाद. माणूस स्वतःचा मालक आहे, त्याच्या कष्टाचं फळ त्याचं आहे, आणि तो दुसऱ्यावर जबरदस्ती करत नाही तोवर त्याच्या व्यवहारात सरकारनं हात घालू नये, इतकं साधं मांडणं. परकं वाटतं? मग या कांद्याच्या गोण्यांकडे बघा. १९८० च्या सुमारास चाकणच्या कांद्यावरून शरद जोशी रस्त्यावर उतरले तेव्हा 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा गावागावांत गेली. सरकारनं अनुदान द्यावं असं ते मागत नव्हते. सरकारनं आमच्या भावातून हात काढावा, हे त्यांचं मुख्य म्हणणं. पुढे १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला, त्याचं नाव स्वतंत्र भारत पक्ष. मराठी मुलखाला हा विचार पुस्तकातून कळलेला नाही. तो कांद्याच्या वासासकट आलाय.

कांद्याच्या भावात सरकार नको, हे पटवायला सोपं. पण पैशातच सरकार नको?

(दृश्य: ठाणे, जांभळी नाका. जुनी सराफी पेढी. काउंटरवर लाल मखमल.)

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर एका जुन्या पेढीत आम्ही गेलो. मालकांनी मखमलीच्या कपड्यावर मूठभर नाणी ओतली. जरा जवळून बघा. हे काळपट तांबडं नाणं म्हणजे शिवराई. एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपती', अक्षरं अर्धी नाण्याच्या बाहेर गेलेली, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. हा रुपया अंकुशी, त्यावर हत्तीच्या माहुताचा अंकुश आहे. हा चांदवडचा. पेशवाईत टांकसाळी अनेक होत्या, आणि सरकारचा परवाना घेऊन त्यातल्या कित्येक खासगी लोक चालवत. एकाच बाजारात चार-पाच प्रकारचे रुपये फिरत. कुठला रुपया कितीला घ्यायचा ते सराफ ठरवी. चांदी कमी असली की बट्टा कापून घेई. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ मध्ये मराठ्यांच्या चलनावर आणि टांकसाळींवर निबंध वाचला, त्यात ही सगळी दुनिया आहे.

मालकांनी एक रुपया बोटाच्या टोकावर तोलला आणि नखानं टिचकी मारली. ऐका. हा आवाज त्यांच्या आजोबांना पुरत असे. खोटा रुपया बद्द वाजतो.

बट्ट्यात गरीब भरडला जाई, हे आहेच. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं एकच रुपया ठरवला, १८६१ च्या कायद्यानं नोटा छापायचा हक्क बँकांकडून काढून सरकारकडे घेतला, आणि हा खेळ संपला. बँक ऑफ बॉम्बेच्या स्वतःच्या नोटा होत्या, त्या बंद झाल्या. पुढे १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक आली.

नोटांचा तो कायदा झाल्यावर दहाच वर्षांनी व्हिएन्नात एक माणूस उलट दिशेनं विचार करत होता. कार्ल मेंगर. १८७१ च्या आपल्या ग्रंथात आणि पुढे १८९२ च्या निबंधात त्यानं मांडलं की पैसा राजाच्या हुकमानं जन्माला आला नाही. लोक देवघेव करत गेले, ज्या वस्तूला सगळेच हो म्हणतात ती हळूहळू सगळ्यांनी धरली, आणि तीच पैसा झाली. राजानं ठसा नंतर मारला. त्याच परंपरेतल्या फ्रीड्रिख हायेकला १९७४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी त्यानं म्हटलं, की पैसा काढायची सरकारची मक्तेदारीच मोडा. खासगी बँकांना आपापलं चलन काढू द्या. जे चलन किंमत टिकवील ते लोक ठेवतील, जे घसरेल ते टाकून देतील. तेव्हा पुष्कळांना हे वेड वाटलं. जांभळी नाक्यावरच्या या मखमलीपुढे बसून तेच ऐका, म्हणजे तितकं वेडं वाटत नाही.

आम्ही एक शिवराई विकत घेतली. पाचशेची नोट दिली. मालकांनी ती उजेडाकडे धरली, अंगठ्यानं चाचपली आणि मगच गल्ल्यात टाकली.

पाचशेच्या नोटेवरून ज्यांना ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवते त्यांना काही सांगायला नको. चलनाच्या एकूण मूल्यातला ८६ टक्के भाग चार तासांत रद्द झाला. त्या रांगांचं चित्रण आमच्याकडे नाही.

(दृश्य: नौपाडा. जेवणाचं टेबल, पाकिटं, कार्बन पेपर, रबरी शिक्का.)

नौपाड्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकू राहतात. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही एक प्रयोग केला. कार्बन पेपर मिळवायला स्टेशनजवळची तीन दुकानं हिंडलो.

काकूंचे हात बघा. मी एका चिठ्ठीवर मनात येईल तो लांबलचक आकडा लिहिला. चिठ्ठी पाकिटात घातली, वर कार्बन ठेवला, पाकीट बंद केलं. काकू म्हणजे बँक. त्यांनी माझ्या खात्यातून शंभर रुपये कापले आणि बंद पाकिटावर शंभराचा शिक्का जोरात दाबला. दाब कार्बनमधून आत गेला, चिठ्ठीवर उमटला. आता मी पाकीट फोडलं, चिठ्ठी घेतली आणि दुकानदाराला दिली. दुकानदार ती घेऊन बँकेत आला. काकूंना शिक्का ओळखता आला, तो त्यांचाच. आकडा त्यांनी वहीत टिपून ठेवला, म्हणजे तीच चिठ्ठी कुणी दुसऱ्यांदा आणली तर पकडता येईल. पण ही चिठ्ठी कुणाच्या पाकिटातली? ते काकूंना कळायला मार्गच नाही.

काकू जरा वेळ शिक्क्याकडे बघत राहिल्या.

हे पाकीट गणितात बसवलं डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकानं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. पाकीट आणि कार्बनचा दाखलाही त्याचाच. १९८९ मध्ये त्यानं डिजिकॅश नावाची कंपनी काढली. डिजिटल पैसा, पण रोकडीसारखा मुका. १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्याबरोबर तो पैसाही. शिक्का मारायला मध्ये बँक लागायचीच, हा त्यातला कच्चा दुवा.

मधल्या काळात, १९९२ मध्ये, कॅलिफोर्नियात एरिक ह्यूज, टिमोथी मे आणि जॉन गिलमोर यांच्याभोवती एक टोळकं जमलं. त्यांना सायफरपंक म्हणत. सांकेतिक लिपीच्या गणितानं माणसाचं स्वातंत्र्य राखता येतं, कायद्याची वाट पाहायला नको, अशी त्यांची खात्री. ह्यूजनं १९९३ च्या जाहीरनाम्यात खासगी आणि गुप्त यांत फरक केला. गुप्त म्हणजे कुणालाच कळू नये असं. खासगी म्हणजे साऱ्या जगाला कळायची गरज नाही असं. वाशीचा तो रुमाल आठवा.

(दृश्य: घणसोली. एका खोलीचं घर. साबणाच्या डबीएवढा संगणक, हिरवा दिवा लुकलुकतोय.)

आणि आता घणसोलीच्या या खोलीत या. इथला मुलगा दिवसा महापेत नोकरी करतो. महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या ज्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्यात, त्या डेटा सेंटरांपैकी एकीत. तिथे आत कॅमेरा नेता आला नाही. त्याच्या घरच्या फळीवर मात्र हा छोटा संगणक रात्रंदिवस चालू असतो. तो बिटकॉइन या कुठल्याच बँकेच्या नसलेल्या डिजिटल पैशाचे व्यवहार बघतो. मायनिंग, म्हणजे नवी नाणी काढून पैसे कमवणं, तो करत नाही. तो फक्त तपासतो. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा पहिला गठ्ठा, निघाला, तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार त्यानं स्वतः पडताळलाय, आणि साधारण दर दहा मिनिटांनी येणारा नवा ब्लॉकही तो स्वतः पारखून घेतो. जगातल्या कितीही मोठ्या मायनरनं नियमाबाहेरचं एक नाणं जरी घुसवलं, तरी हा संगणक तो ब्लॉक फेकून देणार. त्याला कुणाला विचारायचं नाही. टिचकी मारून रुपया पारखणारे आजोबा होते ना, तसाच हा फळीवर बसलाय.

पहिल्या ब्लॉकमध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावानं बिटकॉइन घडवणाऱ्या कुणीतरी लंडनच्या 'टाइम्स'चा त्या दिवशीचा मथळा कोरून ठेवलाय: ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात आहेत. दोन महिने आधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, त्यानं एका उत्तरात लिहिलं होतं की नीट समजावून सांगता आलं तर लिबर्टेरियन दृष्टीला हे फार भावेल, पण आपला हात शब्दांपेक्षा प्रोग्रॅममध्ये बरा चालतो. एकूण नाणी २ कोटी १० लाख, त्यापुढे एकही नाही. सुरुवातीला ब्लॉकमागे ५० नवी नाणी निघत. दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर ती निम्मी होतात, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहेत.

इथे स्वतंत्रतावाद्यांच्या घरातलंच भांडण सांगायला हवं, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. हायेकला आकडा गोठवलेला पैसा नको होता. चलन काढणाऱ्यानं मालाच्या भावाकडे बघत पुरवठा कमी-जास्त करावा आणि किंमत स्थिर राखावी, असं त्याचं म्हणणं. बिटकॉइन त्यापेक्षा सोन्याच्या जवळ आहे. हायेकचा गुरुतुल्य लुडविग फॉन मिझेस म्हणायचा, की पैसा होण्याआधी वस्तूला स्वतःचा काही उपयोग असावा लागतो. त्याचा दाखला देऊन याच पंथातल्या काहींनी बिटकॉइन नाकारला. आणि चॉमचं पाकीट यात नाहीच. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही जगाला उघडी आहे. नावाच्या जागी आकड्यांचं टोपणनाव, एवढाच आडोसा. एकदा नाव जुळलं की मागचं सगळं वाचता येतं. तरीही तिसऱ्याच्या परवानगीशिवाय देता येतो असा चालता झालेला पहिला डिजिटल पैसा हाच, आणि म्हणून आम्ही घणसोलीत आलो.

(दृश्य: सीबीडी बेलापूर. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय, रस्त्यावरून.)

नवी मुंबईतच, बेलापूरला, रिझर्व्ह बँकेची ही इमारत. सरकारचं उत्तर या बँकेकडून आलं. १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत किरकोळ वापराचा ई-रुपया प्रयोग म्हणून सुरू झाला. ही नोटच आहे, फक्त डिजिटल, कायद्यानं तिला नोटेचाच दर्जा. रोकडीसारखी खासगी ठेवायचा विचारही रिझर्व्ह बँकेनं बोलून दाखवलाय. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनंच ई-रुपया प्रोग्रॅम करता येईल असा करण्याचं जाहीर केलं, म्हणजे ठरल्या कामालाच खर्चता येणारा पैसा. खताचे पैसे खतालाच. ऐकायला चांगलं वाटतं. ज्या रुपयाला कुठे जायचं हे आधीच सांगून ठेवलंय, तो माझ्या खिशात असून माझा किती? शरद जोशींच्या सभांना गेलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

बाकी हिशेब असा: २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांशी, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनांचा धंदा करणाऱ्यांशी, व्यवहार बंद करायला लावले, ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला, १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला, आणि झटपट श्रीमंतीच्या नादात, खोट्या ॲपच्या जाळ्यात कित्येकांची बचत बुडाली.

(दृश्य: घणसोली, रात्र. अंधार.)

शूटिंगच्या शेवटच्या रात्री वीज गेली. खोलीत काळोख, फळीवरचा हिरवा दिवाही विझला. दोन तास वीस मिनिटं आम्ही गॅलरीत बसून होतो. खाली कुणीतरी मेणबत्तीच्या उजेडात भाजीचे सुटे पैसे मोजत होतं.

वीज आली. मुलानं स्क्रीन आमच्याकडे फिरवला. संगणक १४ ब्लॉक मागे पडला होता. जगातल्या अशाच कुठल्यातरी अनोळखी संगणकांकडून त्यानं राहिलेले ब्लॉक मागवायला सुरुवात केली, आणि एकेक पारखून वहीत चढवायला लागला. १३. १२. ११. मुलगा म्हणाला, तुम्ही चहा घ्या, तोवर होईल.