ब्रेकनंतरचे आजारपण

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या दशकांत आकुर्डी, भोसरी, चाकण असा उद्योगपट्टा विस्तारत गेला. या पट्ट्यातील कंत्राटी कामगाराला ठेकेदाराकडून काही महिन्यांनी ‘ब्रेक’, म्हणजे काही काळासाठी कामावरून सुटी, मिळणे आता कोणाला नवलाचे वाटत नाही. पगार थांबल्याचे सर्वांना दिसते. औषध थांबल्याचे मात्र घरातल्यांनाही उशिरा कळते.

रक्तदाबाची गोळी कोणी एकाएकी सोडत नाही. महिन्याच्या गोळ्या दिवसाआड घेऊन दोन महिने पुरवल्या जातात, तपासणी पुढे ढकलली जाते, आणि दुखत काहीच नसल्यामुळे सारे ठीक चालले आहे असा समज होतो. त्याच काळात चिंतेने झोप उडालेली असते, पाळ्यांच्या वेळांना सरावलेला दिवस मोकळा पडतो आणि तंबाखू, जी आधी सुटायला हवी, तीच वाढते. ऑस्ट्रियातील मारिएन्टाल गावातला कापड कारखाना बंद पडल्यावर, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला, तेव्हा हाती भरपूर वेळ असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाल्याचे आणि पुरुष रस्त्याने रेंगाळत, थांबत थांबत चालत असल्याचे त्यांना आढळले होते.

घरातील बाई आणखी दोन घरची धुणीभांडी धरते. दूध लहानग्यापुरतेच येते, डाळ पातळ होते, आणि स्वतःच्या अशक्तपणासाठी दवाखान्यात जाण्याचा विषय ती काढतही नाही.

खरे तर नोकरी गेल्याच्या दिवशीच ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, उपचार संपत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी जमा झालेली असेल, तर त्या आधारावर पुढील वर्षाच्या जूनअखेरपर्यंत कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळू शकतात. चिंचवडमधल्या मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयाची वाट त्यांना लगेच बंद होत नाही. हे कामावरून कमी करतानाच सांगितले जायला हवे, पण हिशेबाच्या कागदावर सही घेण्याच्या घाईत ते राहून जाते. 2018 मध्ये सुरू झालेल्या ईएसआयच्याच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी जास्तीत जास्त 90 दिवसांचा भत्ता आहे, आणि 2020 मध्ये त्याचा दर सरासरी वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के करण्यात आला. मात्र त्यालाही आधीच्या विमाधारक नोकरीची आणि वर्गणीच्या दिवसांची अट आहे, आणि ज्याची हजेरी वारंवारच्या ब्रेकमुळे तुटक राहिली, त्याचा अर्ज नेमका तिथेच अडतो.